राकेशची बातमी

तबस्सुमचा नवरा अकबर नाशिकच्या द्वारका चौकात टेम्पो उलटून वारला. त्या दिवशी रेडिओवर एका ओळीत बातमी लागली: नाशिकमध्ये अपघातात एक ठार. तबस्सुम स्वतः सरकारी रेडिओ केंद्रात निवेदिका होती, पण बातम्या बाहेरून यायच्या. नाशिकचं केंद्र त्या नुसत्या पुढे सोडायचं. तिला त्याचा रागही आला नाही. तेव्हापासून तिला काहीच येत नव्हतं, ना राग, ना रडू. ड्यूटीवर यायचं, गाण्यांच्या फर्माइशी वाचायच्या, रिक्षा करून घरी जायचं, दोन घास खाऊन ताट सारायचं.

यंदा केंद्राला स्वतःचं दहा मिनिटांचं बातमीपत्र मिळालं. वार्ताहर कमी पडत होते, म्हणून केंद्रप्रमुख शेखर सरांनी तिला विचारलं, "तुम्ही कराल का?"

"करेन," ती म्हणाली. नाही म्हणायचं तर कारण शोधावं लागलं असतं.

थोड्याच दिवसांत सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये सापडून एक जण गेला. पोलिसांकडून आलेला मजकूर तिच्यासोबत बातमीपत्र करणाऱ्या ज्ञानेशने वाचला. "एका कामगाराचा मृत्यू. एवढंच घेऊ."

"नाव काय त्याचं?"

"दिलेलं नाही."

तबस्सुमने रेकॉर्डर पर्समध्ये टाकला आणि ती निघाली.

वर्कशॉपबाहेर पत्ता विचारत ती त्याच्या घरी पोचली. भाड्याची एक खोली. मेलेल्या पोराची आई, लंकाबाई, भिंतीला टेकून बसली होती. "काय विचारायचं ते विचारा बाई. मला आता काय वाटतच नाय."

सांत्वनाचं काही बोलावं असं तबस्सुमच्या मनातही आलं नाही. ती समोर फरशीवर बसली. "मुलाचं नाव सांगा. कसा होता ते सांगा."

"राकेश. लय बोलायचा. मशीनला जाळी नाय, कुणाचा तरी हात जाईल, म्हणून घरी येऊन रोज सांगायचा. मालकालाबी सांगितलं होतं त्यानं."

दाराशी राकेशच्या सोबत काम करणारा बहिरू उभा होता. "जाळी माझ्यादेखत काढली," तो म्हणाला. "माल भरभर निघावा म्हणून."

"हे माईकवर बोलाल?"

त्याने लंकाबाईकडे पाहिलं. "बोलतो. काम गेलं तर गेलं."

मालकाला तिने फोन लावला. रेडिओचं नाव ऐकताच त्याने तो ठेवून दिला. तेही तिने बातमीत घातलं आणि संध्याकाळी बातमी स्वतः वाचली. आवाज जरासुद्धा हलला नाही. शेखर सर "उत्तम" म्हणाले, तेव्हा तिने मान हलवली.

पुढच्या आठवड्यात सरकारी तपासणी झाली, मशीनला सील लागलं. बहिरूचं काम मात्र खरंच गेलं. त्याने ते तबस्सुमला फोनवर सांगितलं. "दुसरीकडं बघतोय," तो म्हणाला.

मग लंकाबाईचा फोन आला. "ते परत लावता का हो? मला नीट ऐकूच आलं नाय त्या दिवशी."

"रेडिओवर एकदाच लागतं, मावशी. मी घेऊन येते."

रविवारी ती गेली आणि मोबाइलवर बातमी लावली. राकेशचं नाव आलं तशी लंकाबाई पहिल्यांदा रडली, मोठ्याने, तोंडात पदर कोंबून. तबस्सुमने तिचा हात धरला. तिला स्वतःला रडू आलं नाही. येईल असं वाटलं, पण नाही आलं.

बऱ्याच वेळाने लंकाबाईने डोळे पुसले, गॅसवर भाकरी टाकली. तबस्सुम जेवायला बसली.

"अजून वाढू?"

"वाढा," ती म्हणाली.