भाकरी ओळखणारं मशीन

अख्ख्या सोलापुरात व्यवहारज्ञानाचा माझ्या प्रोजेक्ट पार्टनरइतका अभ्यास कोणी केला नसेल, आणि ते त्याच्याइतकं कमीही कोणाकडे नसेल. हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच; मशीन लर्निंग म्हणजे काय, हे मला त्यानेच जेवता जेवता शिकवलं. "मशीनला ढीगभर फोटो दाखवले की ते ओळखायला शिकतं. पण ओळखणं म्हंजे कळणं न्हाय की," असं तो म्हणायचा आणि बोलण्याच्या नादात माझ्या ताटातली शेंगाचटणी संपवायचा.

मेसमधलं उरलेलं अन्न खाण्याजोगं आहे की नाही, हे कॅमेऱ्यातून बघून सांगणारं मशीन, हा आमचा प्रोजेक्ट. फोटोंवरून ते शिकणार होतंच. शिवाय माणसाला न सांगता कळणाऱ्या साध्या गोष्टी नियम म्हणून त्यात घालायच्या, ही पार्टनरची कल्पना. त्यासाठी तो दिसेल त्याला प्रश्न विचारायचा. मेसच्या मावशींना एकदा म्हणाला, "मावशी, वरण सांडलं की खालीच का जातं?" मावशी पळी उगारून म्हणाल्या, "मग काय माळ्यावर जाईल व्हय? ऊन लागलंय ह्याला. पाणी द्या कुनीतरी." पण नियमांचा खरा पुरवठा व्हायचा तो त्याच्या स्वतःच्या फजितीतून. एकदा होस्टेलवरच्या आमच्या खोलीला बाहेरून कुलूप असताना, मी आत झोपलोय असं समजून तो कितीतरी वेळ दार वाजवत होता. मी जिन्यावरून येताना दिसलो तर आनंदाने ओरडला, "लेका, नवा नियम सापडला!" एप्रिलात तो स्वेटर घालून वर्गात आला, कारण दोरीवर हाताला तोच आधी लागला. घामाघूम झाल्यावर त्यातून त्याने, उन्हाळ्यात अन्न लवकर बिघडतं, हा नियम काढला. कसा, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी तो याच प्रोजेक्टमध्ये नापास झाला होता. अक्कलकोटकडच्या त्याच्या गावी काकांचं किराणा दुकान आहे. "औंदाबी नापास झालास तर पुस्तकं गुंडाळायची आन् दुकानात बसायचं," असं काकांनी बजावलं होतं. त्यामुळे परीक्षेला बाहेरगावचे सर आले तेव्हा कॅमेऱ्याची काच मीच पुन्हा पुन्हा पुसत होतो. मशीनने आमटी ओळखली, भात ओळखला. मग सरांनी मावशींकडून तव्यावरची गरम ज्वारीची भाकरी आणवली. मशीन म्हणालं, खराब. खाऊ नका.

सर हसले नाहीत. पार्टनर भाकरी बोटाने दाबून बघत म्हणाला, "सर, ह्याचं चुकलं न्हाय. आमची अव्वा, म्हंजे आई, एसटीनं भाकऱ्या पाठवती. वरच्या मऊ, त्याच दिवशी खायला. खालच्या कडक, पुढं पुरायला. मी पार्सल आणायला विसरतो. आणंपर्यंत मऊ भाकरीला बुरशी आलेली असती, कडक तेवढी चांगली. आमी त्याच भाकऱ्यांचे फोटो ह्याला दाखवले. मऊ म्हंजे खराब, असंच समजणार की. ते कधी घरी जेवलेलंच न्हाय, सर."

"मग आता काय नियम घालाल?"

"तव्यावरनं उतरली आसंल तर मऊ भाकरी ताजी." आणि वर म्हणाला, "आन् पार्सल त्याच दिवशी आणायचं."

"मी मशीनचा नियम विचारला होता," असं म्हणून सरांनी भाकरीचा तुकडा मोडला. आम्ही पास झालो.

आता तो बेंगळुरूला नोकरी करतो. घरची भाषाच कन्नड, त्यामुळे अडत काही नाही. फक्त मधूनच मला मेसेज करतो, "मऊ भाकरीचे फोटो पाठव, मशीनला कमी पडत्यात." परवा मोडनिंबला घरी गेलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मी मोबाईल काढला. "भाकरीचा कसला फोटो? गरम हाय तवर खा की," आई म्हणाली. मी दोन-चार काढून पाठवले. वाफ काही नीट आली नव्हती. लगेच उत्तर आलं, "अजून पाठव."

प्रोजेक्ट तर केव्हाच संपलाय. तरी मी आईला म्हटलं, पुढची जरा सावकाश उतरव, फोटोत वाफ येऊ दे.