रोवणीच्या दिवसांतली दुसरी

आमचं गाव लाखांदूरच्या पलीकडचं. शाळा होती, पण ती नाल्याच्या त्या अंगाला, शेजारच्या गावात. उन्हाळ्यात त्या नाल्यातून पोरं गोटे वेचत जायची. पावसाळ्यात मोठा माणूससुद्धा काठावर उभा राहून विचार करायचा. पूल नव्हता. त्यामुळे आमच्या मुलांची शाळा जूनमध्ये सुरू झाली न झाली की बंद पडायची, ती थेट दसऱ्यानंतर उघडायची. तोवर वर्ग पुढे निघून गेलेला असे. मग पोरं नापास व्हायची, आणि नापास झाली की ढोरांमागे जायची. याचं कोणाला फारसं वाईटही वाटत नसे.

मला वाटे, आणि रागही येई. माझं माहेर भंडाऱ्याचं, मी मॅट्रिक झालेली, त्यात स्वभाव तिखट. माझी मुलगी सात वर्षांची, पहिलीत एकदा राहिलेली. ती पुन्हा पहिलीत बसणार हे कळलं त्या संध्याकाळी सासरे अंगणात खाटेवर बसून म्हणाले, "औंदा बी पयलीतच राहिली तं काढून टाकू तिले. कायले उगाच जाऊन यायची?"

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, आणि ते वाईट माणूस नव्हते. ताटातला मासोळीचा बिनकाट्याचा तुकडा ते नातीसाठी बाजूला काढून ठेवत. पण शिकलेली बाई पुढे काय करते हे त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. पाहिली होती ती मी, आणि मी तर त्यांच्याच धानाच्या बांधीत चिखलात उभी होते! त्यांचं तरी काय चुकलं?

"अन् दुसरीत गेली तं?" मी विचारलं.

"तं जाईन शाळेत. मी काहून अडवू?"

शब्द दिला की मामाजी मागे फिरत नसत. दुसऱ्या दिवशी नाल्याला गुडघाभर पाणी होतं तेवढ्यात मी पलीकडे गेले आणि गुरुजींना गाठलं. ते आधी नाही म्हणाले, मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "दसऱ्यानंतर आणा पोरीला. दुसरीचं येत असेल तर दुसरीत बसवतो. नसेल येत, तर मला बोल लावायचा नाही." त्यांनी कव्हर गेलेलं दुसरीचं एक जुनं पुस्तक दिलं. ते पदराखाली झाकून मी परत आले.

आता मी गुरुजी आणि मीच हेडमास्तर. मी भंडाऱ्याच्या शाळेसारखं वेळापत्रक आखलं. सकाळी गणित, मग वाचन, दुपारी शुद्धलेखन. मोठ्या ऐटीत आखलं, आणि ते एक दिवस टिकलं. दुसऱ्याच दिवशी जोराचा पाऊस आला, बांधीत पाणी साचलं, परहे, म्हणजे लावणीची रोपं, उपटायला आले होते, आणि रोवणीला घरातलं कोणी घरी राहत नाही. धानाची रोपं माझ्या गणिताच्या तासासाठी थांबणार नव्हती. आमचे हे तुमसरला राइस मिलमध्ये नोकरी करायचे. त्यांच्या वाटणीचं कामही मलाच होतं. त्या रात्री चुलीपुढे मला रडूच आलं.

मग डोकं थंड झाल्यावर मी पुस्तकच मोडून पुन्हा मांडलं. रोवणीत हात चिखलात, म्हणजे तोंडानं होईल तेवढंच घ्यायचं: पाढे आणि कविता. निंदणाला जरा उसंत असते, तेव्हा शेताच्या धुऱ्यावर बसून वाचन. झड लागली की कोणी बाहेर पडत नाही, ते दिवस पाटी-पेन्सिलीचे. हातच्याची वजाबाकी मी पोळ्याच्या पुढे ढकलली, कारण खरं सांगायचं तर तिची मलाच धास्ती होती. काही धडे सरळ गाळले. एक धडा उंटाचा होता. आमच्या भागात रेड्यांना तोटा नाही, पण उंट कुठून आणू? तो मी वगळला.

रोवणीत मुलगी माझ्या शेजारी ओळीला लागे. वाकायचं, रोप खोचायचं, एक पाऊल मागे सरकायचं. मी म्हणायची, "सात एके सात." ती रोप खोचून म्हणायची, "सात दुणे चौदा," आणि मागे सरकायची. बाकीच्या बाया आधी हसल्या. मग त्यांचंही गाणं संपलं की त्या म्हणायच्या, "आता पोरीचा पाढा होऊ दे." अर्धी बांधी हिरवी होईपर्यंत आमचा नवापर्यंतचा पाढा म्हणून झालेला असे. चिखलानं माखलेलं तिचं ते गंभीर तोंड आठवलं की अजून माझं मन भरून येतं. मला तेव्हा ती फार फार आवडायची. एरवी कामाच्या घाईत लेकराकडे नीट बघायला तरी कुठं मिळतं!

दसरा झाला, नाला उतरला. मी तिला नवा फ्रॉक घातला, वेणी घातली आणि शाळेत नेलं. मामाजीही बरोबर आले. आले कशाला, तर लाखांदूरला काम आहे म्हणून. लाखांदूरची एसटी दुसऱ्या वाटेनं जाते हे मला माहीत होतं.

गुरुजींनी तिला वर्गात पुढे उभं केलं. "सातचा पाढा म्हण."

ती गप्प. पोरं बघत होती. गुरुजी म्हणाले, "बरं, पाचचा?" तरी गप्प. मामाजी दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मग माझ्या लक्षात आलं. पाढे तिनं कधी उभ्यानं म्हटलेच नव्हते. मी दारातूनच ओरडले, "अवो पोरी, वाक अन् माघं सरक!"

ती वाकली. फळ्याजवळच्या शेणानं सारवलेल्या जमिनीत तिनं नसलेलं रोप खोचलं आणि सुरू झाली. सात एके सात, एक पाऊल मागे. सात दुणे चौदा, आणखी एक. पोरांनी वाट दिली. पाढा संपेतो ती दारातून ओसरीत गेली होती, आणि गुरुजी खडू हातात घेऊन तिच्यामागे चालत होते. सगळी शाळा हसत होती. ती मात्र एकही आकडा चुकली नाही.

"पाढे झाले," गुरुजी डोळे पुसत म्हणाले. "आता वाचन." त्यांनी पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं ते नेमकं उंटाच्या धड्यावर.

मी डोळे मिटले. हा धडा तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिनं बोट पुढे नेत, अडखळत, एकेक शब्द जोडत वाचायला सुरुवात केली. वाळवंट शब्दाला ती थांबली, पुन्हा मागून आली आणि पार करून गेली. पान संपल्यावर तिनं मान वर केली आणि विचारलं, "गुरुजी, हे एवढं मोठं जनावर काय खाते?" तेव्हा मला कळलं की मी गाळलेलंही ती आता एकटीनं वाचू शकते. गुरुजींनी दुसरीत बसवली तिला.

मामाजी लाखांदूरला न जाता आमच्याबरोबरच घरी परतले. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, मुलगी तिसरीत गेली आणि नाल्याला पुन्हा पाणी आलं.

आमच्या घरी रोवणी कधी लावायची, कोणती बांधी आधी, हे मामाजी ठरवत. त्यात त्यांच्या मुलाचंही चालत नसे. त्या वर्षी परहे हाताशी आल्यावर त्यांनी मला अंगणात बोलावलं, खाटेवर बाजूला सरकून जागा केली आणि म्हणाले, "तिसरीचं पुस्तक आण इकडं. मले वाचता येत नाई, तू सांग. कोणता धडा कधी घ्याचा हाय थे सांगजो, मंग रोवणीले बाया कधी बोलवाच्या थे मी ठरवतो."

मी पुस्तक घेऊन त्यांच्या शेजारी बसले.