गोंदणाचं गाणं

लातूरजवळच्या त्या गावात कुणाला गोंदायचं असलं की पहिलं बोलावणं कस्तुराबाईला जाई, गोंदणारीला नंतर. सुई कुणीही टोचेल, गाणं मात्र कस्तुराबाईनंच म्हणायचं. आवाज असा खणखणीत की टोचून घेणारीचं रडणं त्यात पार बुडून जाई. ती स्वतः सात वर्षांची असताना आईच्या गाण्यात अशीच रडली होती. कुणाला कळलं नाही, आणि त्यात काही वावगं आहे असं तिलाही कधी वाटलं नाही.

सून सौदामिनी नांदेडची. तिच्या वडिलांनी, कचेरीत नोकरी करणाऱ्या बापूसाहेबांनी, लेकीला चार बुकं शिकवली. अंगावर एक ठिपका गोंदू दिला नाही. "कोऱ्या हाताची सून आणली गं!" भावकीतल्या बायका टोमणे मारू लागल्या, तेव्हा कस्तुराबाईनं एका सकाळी बायका जमवल्या आणि लक्ष्मम्मा गोंदणारीला ओसरीवर बसवलं.

बांगड्या भरायला करावा तसा सौदामिनीनं हात पुढं केला. पहिली सुई टोचली मात्र, ती ओरडली, "नको, आत्याबाई, नको!" कस्तुराबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं आणि गाणं वर चढवलं.

हात पिकला. ताप उतरला तरी दोन बोटं आखडली ती आखडलीच. बापूसाहेब लेकीला घेऊन गेले आणि त्यांनी विहिणीवर नुकसानीचा दावा लावला.

वकील रेणुकादास पान चघळत म्हणाले, "घाबरू नका, बाई. रजामंदीनं, राजीखुशीनं झालेल्या दुखापतीला दाद नसते. हात तिनंच पुढं केला ना?"

"केला की."

"नको म्हणाली?"

कस्तुराबाईनं मान डोलावली.

"बायका गाऊन राहिल्या होत्या," वकील हळूच म्हणाले. "त्या गलक्यात कुणाला काय ऐकू येणार?"

अदालतीत सौदामिनीनं जे झालं ते सांगितलं. मुन्सिफसाहेबांनी उर्दूत विचारलं, कारकुनानं मराठीत सांगितलं, "मुलीनं मना केलं, ते तुम्ही ऐकलं?"

"ऐकू आलं न्हाई, सरकार. गाणं चालू होतं."

"मनगट का धरलं?"

"हात थरथरत होता. आधार दिला."

लक्ष्मम्मानंही तसंच सांगितलं. दावा खारीज झाला.

नवरा नांदवायला तयार असताना दावा हरलेली लेक माहेरी किती दिवस ठेवायची? बापूसाहेबांनीच तिला आणून सोडलं, आणि विहिणीकडे न बघता ते पाणीही न पिता परत गेले. "सरकारदरबारी जिंकलीस, कस्तुरे!" शेजारणी म्हणत. कस्तुराबाई काहीतरी काम काढून आत जाई. आत सून तीन बोटांनी भाकरी थापत असे. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला चिरलेली ती भाकरी सासू मान खाली घालून खाई. चांगली झाली म्हणावं तर जीभ रेटत नसे.

पुढच्या सुगीनंतर कस्तुराबाईच्या धाकट्या लेकीचं, सिंधूचं लग्न ठरलं. लक्ष्मम्मा आली, बायका जमल्या आणि सगळ्यांनी कस्तुराबाईकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं. गळ्यातून आवाज फुटेना.

"आई, नको!" सुई टेकताच सिंधू कळवळली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून गाणं उठलं. सौदामिनी गात होती. सासूचंच गाणं, शब्दाला शब्द, सासूच्याच चढ्या आवाजात. एकदाच ऐकलं होतं तिनं, पण चांगलं ध्यानात राहिलं होतं.

"अगं बया! सून तयार झाली की लई!" बायका खूश झाल्या आणि तिच्या मागं म्हणू लागल्या.

सिंधूचे ओठ हलत होते. कस्तुराबाईला त्यातला एकेक शब्द ऐकू येत होता.

तिनं झटक्यात लेकीचा हात ओढून घेतला. "सुया ठेव, लक्ष्मम्मा!"

गाणं थांबलं.

"काय झालं, आत्याबाई?" सौदामिनीनं विचारलं.

"नको म्हणून राहिली ती."

"हाव?" सौदामिनी पिठाचे हात पुसत म्हणाली. "मला तर ऐकू आलं न्हाई."

ती आत गेली. कस्तुराबाई लेकीचं मनगट धरून तशीच बसली, आणि मग ध्यानात आल्यासारखं तिनं ते सोडलं.