एका पत्राची कार्बन कॉपी

कतारमध्ये, दोह्याला आलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला दोनच गोष्टी नीट येत होत्या, टायपिंग आणि शॉर्टहँड. सत्त्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. वसईत लग्न ठरलेलं, ते दोन वर्षं पुढे ढकलून आलो होतो. ऑफिस अल रय्यानच्या रस्त्यावर होतं, एका अमेरिकन ड्रिलिंग कंपनीचं. साहेब सगळे अमेरिकन, कारकून सगळे आपल्याकडचे. माझं टेबल दोन साहेबांच्या केबिनच्या मधोमध होतं आणि दोघांचीही पत्रं मीच टाइप करायचो.

त्यातले एक सेफ्टी इंजिनियर. पंचावन्नच्या पुढचे, सडपातळ, कमी बोलणारे. हेल्मेट न घालता साइटवर आलेल्या माणसाला ते परत पाठवायचे, मग तो कितीही मोठा असो. त्यामुळे ते फारसे कुणाला आवडत नसत. दुसरा ड्रिलिंग सुपरवायझर. टेक्सासचा, चाळिशीचा, हसला की भिंतीपलीकडे ऐकू जायचं. येता-जाता पाठीवर थाप मारून अरबीत ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे ‘चला, चला’ म्हणायचा. त्याच्या पाकिटात एक फोटो होता. तो आणि त्याचे वडील, दोघांच्या खांद्यावर रायफली, मागे गाडीत टाकलेलं हरीण. मी आयुष्यात बंदूक पाहिली होती ती बँकेच्या दारातल्या वॉचमनची. तो फोटो मी दोन्ही हातांनी धरून पाहिला होता.

शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे गुरुवारी अर्धा दिवस असायचा. एका गुरुवारी सेफ्टीवाल्या साहेबांनी मला थांबवलं.

“हे ऑफिसचं काम नाही,” ते म्हणाले. “नाही म्हणालास तरी मला राग येणार नाही.”

त्यांना खासगी पत्रं लिहायची होती. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना, तिथल्या लोकप्रतिनिधींना. विषय एकच, पिस्तुलं. मोटार घेतली तर नोंदणी लागते, कुत्रा पाळला तर लायसन्स लागतं, मग पिस्तूल घेणाऱ्याला कोणी काही का विचारत नाही, असं ते लिहायचे. ते तोंडाने सांगायचे ते उतरवून घ्यायला मी दर गुरुवारी वही घेऊन बसू लागलो. मूळ पत्र त्यांना द्यायचं आणि कार्बन कॉपी माझ्याकडच्या फाइलला लावायची, असं ठरलं.

ही पत्रं ऑफिसात लपून राहिली नाहीत. साहेबांच्या चहाच्या खोलीत दोघांची जुंपायची आणि माझ्या टेबलापर्यंत सगळं ऐकू यायचं.

“आमच्या स्वयंपाकघरात दारामागे बंदूक टांगलेली असायची,” ड्रिलिंगवाला म्हणायचा. “आम्ही पाच भावंडं. एकालाही ओरखडा आला नाही. दोष माणसाचा असतो, बंदुकीचा नाही.”

“तुमचं नशीब चांगलं होतं,” सेफ्टीवाले शांतपणे म्हणायचे.

“नशीब नाही, शिस्त! आज सरकार नोंदणी मागेल, उद्या बंदूकच मागेल.”

मला त्यातलं फार कळत नव्हतं. पण मी मनाने ड्रिलिंगवाल्याच्या बाजूचा होतो, कारण तो हसवायचा आणि दुसरे हसवत नसत. याहून मोठं कारण नव्हतं.

मग तो मला विचारू लागला, “या आठवड्यात काय लिहिलं म्हाताऱ्याने?” आधी मी एखादं वाक्य सांगितलं. मग साहेबांच्या सांगण्याच्या पद्धतीची नक्कल केली. ते मध्येच थांबायचे, ‘कॉमा’ म्हणायचे, मग ‘नाही, फुलस्टॉप’ म्हणायचे, तसं. खोलीतले सगळे हसले आणि कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची ओढली. आमचा चहा आमच्या टेबलावर यायचा. त्या खोलीत कारकून कधी बसलेला नव्हता. त्या खुर्चीसाठी मी पुढचे कित्येक आठवडे नकला केल्या.

एका गुरुवारी सेफ्टीवाले साहेब खुर्चीत बसले नाहीत. खिडकीतल्या एसीजवळ माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि सांगू लागले. एसीच्या आवाजात मला कान देऊन ऐकावं लागत होतं. त्यांची मुलगी नऊ वर्षांची असताना एका शनिवारी दुपारी शेजारच्या मैत्रिणीकडे खेळायला गेली होती. मैत्रिणीच्या वडिलांच्या पलंगाशेजारच्या खणात पिस्तूल होतं. त्यात गोळी नाही असं त्या मैत्रिणीला वाटलं. ती मैत्रीणही नऊच वर्षांची. पुढचं त्यांच्याच शब्दांत: आता ती मैत्रीण मोठी झाली आहे, तिला मुलं आहेत, दर नाताळला ती मला कार्ड पाठवते आणि तिला काय उत्तर लिहावं हे मला अजून कळलेलं नाही. मला कुणाला शिक्षा नको आहे. मला त्या खणाला कुलूप हवं होतं.

एवढं सांगून ते म्हणाले, “झालं. नेहमीसारखं खाली माझं नाव.”

मी ते टाइप केलं, कॉपी फाइलला लावली आणि खोलीवर गेलो.

शनिवारी चहाच्या वेळी ड्रिलिंगवाला म्हणाला, “तुझ्या नकला पुरे. एखादं पत्रच आण ना, वाचू तरी!”

मी फाइलपाशी गेलो. सर्वांत वर तेच पत्र होतं. खालचं कुठलंही काढता आलं असतं. घाईत वरचं उचललं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. घाई नव्हती. आपल्याकडे काहीतरी भारी आहे, ते या माणसांसमोर टाकून बघावं, असं मला वाटलं होतं. मी ते काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

तो आवाज बारीक करून वाचू लागला. पहिल्या चार ओळींना लोक हसले. मग त्याचा आवाज हळूहळू त्याचा स्वतःचा झाला आणि मग थांबला. उरलेलं त्याने मनात वाचलं.

“हे तू टाइप केलंस?” त्याने मला विचारलं.

“हो.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

त्याने कागदाची घडी केली, तो सेफ्टीवाल्या साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी तुझं नाव घेतलं नाही.”

घेण्याची गरजच नव्हती. फाइल माझ्याकडे होती.

मला कुणी रागावलं नाही. पुढच्या गुरुवारी साहेबांनी मला बोलावलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. केबिनमधून एका बोटाने टाइप केल्याचा आवाज यायचा. ड्रिलिंगवाल्याचं मत काही बदललं नाही, नोंदणीच्या नावाने तो तसाच भडकायचा. पण एकदा त्याने ऑफिसातूनच घरी ट्रंक कॉल लावला. लाइन खराब होती, त्यामुळे तो बायकोला ओरडून सांगत होता, “सगळ्या! सगळ्या कुलपात ठेव! किल्ली तुझ्याकडे!” आम्ही सगळे माना खाली घालून काम करत होतो.

शुक्रवारी आम्ही वसईकर ख्रिस्ती एकाच्या घरी हॉलमध्ये मिस्साला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला जमायचो. बाहेरून आलेल्या फादरांपाशी मी पापनिवेदन केलं. म्हणालो, ऑफिसातली एक खासगी गोष्ट मी बाहेर सांगितली. त्यांनी छोटीशी प्रार्थना सांगितली. तिथेही मी गोष्ट लहान करूनच सांगितली होती.

महिनाभराने मी केबिनचं दार वाजवलं. “सर, ते पत्र मी दिलं होतं.”

“ठाऊक आहे.”

“मला माफ करा.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तू दिलंस त्याचं मला तितकं वाटलं नाही,” ते म्हणाले. “तुझं वय लहान आहे, तुला त्यांच्यात बसायचं होतं. पण मी ते पान नंतर वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. मला वाटलं होतं, माझ्या मुलीच्या त्या ओळीवर तरी तुझी बोटं अडखळतील.”

त्यांनी चष्मा घातला आणि समोरची फाइल उघडली, तेव्हा मी बाहेर आलो.

करार संपल्यावर ते गेले. निरोपाच्या जेवणाला त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. माझ्याशीही, इतरांशी मिळवला तसाच.

पुढे माझं लग्न झालं, बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली, मुलगी झाली, ती इंग्रजी शाळेत जाऊ लागली. एका शुक्रवारी दुपारी आमच्याकडे चार मित्र जेवायला होते. रेडिओवर अमेरिकेतल्या कुठल्याशा गोळीबाराची बातमी लागली. “वेडे आहेत हे लोक,” कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी ताट घेऊन आत गेलो. पाहुणे गेल्यावर बायकोने विचारलं, “तुला काय झालं?” तेव्हा तिला मी पहिल्यांदा सगळं सांगितलं, काही लहान न करता. ती भांडी पुसता पुसता ऐकत होती.

ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “त्या मुलीचं नाव काय होतं?”

“पत्रात होतं. दोन-तीनदा होतं.”

“मग?”

मी आठवायला लागलो. तारीख कुठे टाकली होती ते आठवलं, समास किती सोडला होता ते आठवलं. नाव आठवलं नाही. बायको हातातलं फडकं ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि मला तिच्याकडे बघवेना.