देवाला नीट विचारा

छातीत दुखायला लागलं तेव्हा आमच्या घरात कोणी हृदयाचं नावही काढलं नाही. आमच्यात छातीत कळ आली की तो वारा असतो, नाहीतर पित्त. बायकोने ओवा चघळायला दिला, पोटाला हिंग चोळला आणि जेवणातली सुकट बंद केली. खरं सांगायचं तर सुकटीचंच मला जास्त वाईट वाटलं. पण कांजूरमार्गच्या आमच्या चाळीत दर मजल्यावर कठडा धरून थांबायची वेळ आली, तेव्हा मुलीने हट्टाने तपासणीला नेलं. तीन नसा तुंबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, बायपास लवकर करून घ्या, उशीर केलात तर जिवावर बेतेल.

मी पुरता घाबरलो. छाती एकदा फाडली की माणूस पहिल्यासारखा राहत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलेलो. त्यात आमच्याकडे लग्न असो की विहीर, कोकणातल्या गावदेवाला विचारल्याशिवाय काही ठरत नाही. मूर्तीला पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. याला कौल म्हणतात. गावी थोरल्या भावाने कौल लावला आणि फोन केला, "देवान डावो कौल दिल्यान रे. करू नको."

डॉक्टर हो म्हणतोय आणि देव नाही. मुलगी रडकुंडीला आली, डॉक्टरांनी दिलेला इशारा पुन्हापुन्हा सांगू लागली. मी ऐकलं नाही. देवाच्या शब्दाबाहेर जायचं नाही, असं ठरवून मी एकटाच हॉस्पिटलात गेलो. ऑपरेशन नको म्हणून सांगायचं आणि रिपोर्ट परत घ्यायचे, एवढंच काम होतं.

बाकावर शेजारी वाकोल्याच्या एक बाई बसल्या होत्या. साठी उलटलेली, बायपास झालेलं, पुन्हा दाखवायला आलेल्या. परक्या माणसापाशी मन मोकळं करणं सोपं जातं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

"आम्ही बौद्ध, भाऊ. आमच्यात कौलबिल काही नसतं," त्या म्हणाल्या. "पण मला सांग, तुझ्या भावाने देवाला नेमकं विचारलं काय?"

"हेच, की छाती फाडायची का?"

बाई चक्क हसल्या. "अरे, कुठला देव म्हणेल, फाड माझ्या लेकराची छाती? तुझ्या आईला विचारलं असतंस तर तीपण नाहीच म्हणाली असती ना! फाडत नाहीत रे, दुरुस्त करतात. माझी केली ना? नीट विचार की त्याला."

आम्ही भावांनी आमची भीतीच देवापुढे नेऊन ठेवली होती, आणि त्याने ती जशीच्या तशी परत केली होती. तिथे ना पाकळ्या होत्या, ना गुरव. मी डोळे मिटले, हात जोडले आणि आमच्या मालवणीत पुटपुटत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराच्या काळजाची वाट बंद झाली हा. डाक्टर ती मोकळी करतलो. तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला मागून माणसांनी 'होय महाराजा' म्हणावं लागतं, तेव्हा ते देवाकडे पोचतं. माझ्यामागे तर कोणीच नव्हतं.

"होय महाराजा," शेजारून बाई म्हणाल्या. मी डोळे उघडले तशा ओशाळून म्हणाल्या, "शेजारी सगळे मालवणीच आहेत आमचे. ऐकून ऐकून पाठ झालंय."

मला रडू फुटलं. रिपोर्ट न मागता मी भरती व्हायचा दिवस विचारून घेतला आणि मुलीला फोन लावला.

त्या बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत. नावही विचारायचं राहून गेलं, पण देवापुढे हात जोडताना त्यांची आठवण येतेच. गोळ्या वेळेवर घेतो, रोज चालतो, आणि सुकटीचा वास आला की शेजाऱ्यांवर जळतो. देवावर भार टाकणं म्हणजे काय, हे मी जन्मभर ऐकत आलो होतो. ते कळलं ऑपरेशनच्या दिवशी. भुलीची सुई टोचली आणि मी डोळे मिटले, तेव्हा त्याला विचारण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.