जमनीकाकीचे उघडे हात

बाबांचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या एका प्रशिक्षणवर्गात, गोवर एका मुलापासून वर्गभर कसा पसरतो हे फळ्यावर काढून दाखवत होते. "भाभी गेली," ते म्हणाले, आणि मला सगळे तपशील लागतात हे ठाऊक असल्यामुळे थोडे थांबून त्यांनी ते क्रमाने सांगितले : सकाळी शेतात जाऊन आली, भाकर खाल्ली, भाजीत मीठ जास्त झाले म्हणून सुनेशी भांडली, बाजेवर आडवी झाली... आणि उठली नाही. मी वर्गात परतले आणि अर्धवट राहिलेली आकृती पूर्ण केली. मागच्या बाकावरून एका ताईंनी विचारले, "मॅडम, पण इतक्या लोकांना एकाच वेळी तयार कसं करायचं?" त्या बातमीनंतर काही मिनिटांतच मला हसू आले. या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले एकमेव खात्रीचे उत्तर त्या क्षणी घाटंजी तालुक्यातल्या आमच्या तांड्यात, स्वतःच्या बाजेवर शांत निजले होते. तिच्या आयुष्यात बहुधा प्रथमच शांत.

जमनाबाई ही बाबांच्या थोरल्या भावाची बायको, आमची जमनीकाकी. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे आमची बंजारा भाषा, बोलतो, बाहेर वऱ्हाडी. काकी दोन्ही भाषा सारख्याच मोठ्या आवाजात बोलत असे, त्यामुळे तिचे कोणतेही गुपित एका घरात मावले नाही. मी संसर्गजन्य रोगांच्या अभ्यासाला प्रवेश घेतला तेव्हा तिने माझी रीतसर मुलाखत घेतली होती.

"काय शिकून राह्यली वं तू?"

"रोग कसे पसरतात ते."

"पसरवाले शिकून राह्यली का थांबवाले?"

"कसे पसरतात ते कळलं की थांबवता येतात, काकी."

"म्हणजे चोराच्या मागं मागं जाऊन त्याचं घर पाहाचं." तिने क्षणभर विचार केला. "मंग पोलिसातच गेली असती त! टोपी त भेटली असती."

रोगांविषयीचे तिचे स्वतःचे शास्त्र मात्र पक्के होते आणि ते सपशेल चुकीचे होते. तिच्या मते अंगावर उठणारे सर्व काही वांग्यांमुळे उठे. वांग्यांनी रक्तात गर्मी होते आणि गर्मी कातडीतून बाहेर पडते, एवढा तो सिद्धान्त. मी पुरावे दिले, तिने उदाहरणे दिली. वाद वर्षानुवर्षे चालला आणि आम्हा दोघींनाही तो मनापासून आवडत असे.

मी शिकत असताना एका हिवाळ्यात सुटीला घरी आले, तेव्हा काकीची नात पायल अवेळीच घरी दिसली. ती दहावीला होती, तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहात राहत होती, आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. ती ओढणीत हात लपवून बसली होती. मी हात बाहेर काढायला लावले : बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर बारीक पुरळ, खाजवून सोललेली कातडी. खरूज. पूर्ण बरी झाल्यावरच परत ये, असे तिला वसतिगृहातून सांगण्यात आले होते, आणि खोल्यांमधली दाटी लक्षात घेता त्यात गैर काही नव्हते. गैर जे होते ते घरी घडत होते. पायलच्या वडिलांना दिग्रसकडचे एक स्थळ आयतेच चालून आले होते. "यंदा परीक्षा नाही झाली त काय आभाळ कोसळून राह्यलं?" ते म्हणत. "आता घरी आलीच हाय त राहू दे." पायल मला एकटीला म्हणाली, "ताई, मी एकदा का घरी राह्यली ना, मंग मले कोणी परत पाठवत नाही." तिचे निदान अचूक होते. खरूज बरी होणे याचा अर्थ त्या घरात केवळ खाज थांबणे असा नव्हता.

खरुजेचे गणित तसे सोपे आहे. कोळ्याच्या जातकुळीतला, डोळ्यांना सहसा न दिसणारा एक जीव कातडीत बोगदे करून राहतो आणि अंगाला अंग लागून, एका गोधडीत झोपून, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पहिल्यांदा लागण झालेल्याला कित्येक आठवडे खाजही सुटत नाही, पण तो इतरांना रोग देऊ शकतो. म्हणून ज्याला खाजते त्याला मलम लावून भागत नाही. सोबत राहणाऱ्या, सोबत झोपणाऱ्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच वेळी मानेपासून तळव्यांपर्यंत मलम लावायचे, कपडे-अंथरुणे कडक उन्हात टाकायची किंवा काही दिवस बांधून ठेवायची, आणि आठवड्याने पुन्हा तेच. एक घर सुटले की तेथून रोग फिरून परततो. आमच्या तांड्यात सगळी पोरे सगळ्यांच्या घरी झोपतात. म्हणजे घर हे एकक निरुपयोगी, तांडा हेच एकक. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी मलम द्यायचे कबूल केले. मी घरोघर फिरले आणि निष्कर्ष मिळाला तो असा, की तांड्यात पायलवाचून कोणालाही खरूज नाही. हात मागे धरून मला हे सांगण्यात आले. "आमच्या घरी स्वच्छता असते, बाई," असे एक जण म्हणाली आणि दाराच्या चौकटीवर पाठ घासू लागली.

मी संध्याकाळी काकीपुढे हे सगळे मांडले. तिने ऐकून घेतले, "वांगे बंद कराले सांगतलं का?" असे विचारले, आणि झोपायला गेली. सकाळी हातपंपावर बायकांची रांग लागलेली असताना तिने रिकामी घागर उलटी घातली आणि तिच्यावर थाप मारली.

"आयका हो! मले खरूज झाली! जमनीले, नायकाच्या खानदानातल्या जमनीले, खरूज झाली! आता कोणाकोणाले हाय ते बोला. मी एकटीनं कायले खाजवू?"

 मग एक नवी सून पदराआडून म्हणाली, "काकी, मले बी." तिची सासू चवताळली, "काहून नाही सांगतलं मले?" "तुमच्यापासूनच त लागली!" सून म्हणाली, आणि हातपंपावर जो हशा उसळला त्यात उरलेल्या कबुल्या आपोआप वाहून आल्या. काकी मला कोपऱ्यात घेऊन अभिमानाने कुजबुजली, म्हणजे तीन घरांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात : "मले काहीच नाही झालं वं. खोटं बोलली मी. पाहाय, कसं जमलं!"

मलमाचा दिवस आमच्या तांड्यात आजही सणासारखा आठवला जातो. सकाळपासून गोधड्या कुंपणांवर वाळत होत्या, उन्हात न मावणारी अंथरुणे मोठ्या पिशव्यांत घट्ट बांधली गेली. मावळतीला पुरुष एका घरात, बायका दुसऱ्या घरात, आणि काकी दोन्हींच्या मधोमध उभी राहून सूचना देत होती : "बेंबी सोडू नोका! नखाखाली लावा! कानामागं लावाले कोणी सांगतलं बे तुले, मान म्हणजे कुठं असते?" होळीला अजून अवकाश होता, पण कोणीतरी लेंगी, म्हणजे आमचे होळीचे गाणे, धरली, डफ आला, आणि चिकट अंगांचा आख्खा तांडा, एकमेकांना हात न लावता, अंतर राखून नाचला. मी आठवड्याने दुसरी फेरी करून घेतली. खाज ओसरली. पायलने दप्तर भरले.

आणि तिच्या बोटांत नवे बोगदे दिसले.

 पायलच्या वडिलांनी दिग्रसला फोन लावला. मी रडण्याऐवजी शोध घेतला, कारण मला तेच येते. नवी लक्षणे तांड्यात सर्वत्र नव्हती, मोजक्याच मुलींत होती, आणि त्या सगळ्यांत एकच समान धागा होता. त्या संध्याकाळी काकीपाशी केसांना तेल लावून घ्यायला बसत, आणि त्यांतली एक, पायल, तिच्याच गोधडीत झोपे. मी काकीचे हात हातात घेतले. तिच्या मनगटांपासून दंडांपर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे आमच्याकडच्या रुंद बांगड्या, होत्या, लग्नापासून घातलेल्या, आता कातडीत रुतल्यासारख्या. आमच्याकडच्या जुन्या बायका नवरा जिवंत असेतो त्या उतरवत नाहीत. त्यांच्या कडेला, मलम पोहोचूच शकत नव्हते अशा जागी, सगळा रोग सुखाने नांदत होता. वयस्कांना खाज कधीकधी फारशी जाणवत नाही. हातपंपावर ती खोटे बोलली असे तिला वाटत होते. ती अक्षरशः खरे बोलली होती.

मी तिला सांगितले. तिचा आवाज प्रथमच खाली गेला.

"माहा नवरा बाहेर बसून बिडी पिऊन राह्यला, अन् तू मले उघड्या हातानं बसवतं?"

"काही दिवसांसाठी, काकी. मलम लागेपर्यंत."

"लोकं काय म्हणतीन?"

 विज्ञानात त्याचे उत्तर नव्हते आणि तिची भीती खरी होती. त्या बलियांत तिचे सगळे आयुष्य होते. तिने पायलकडे पाहिले. पायल पुन्हा ओढणीत हात गुंडाळून बसली होती... मग दारातून काका आत आले. काका हे तांड्यातले सर्वांत कमी बोलणारे गृहस्थ. काकीमुळे त्यांना तशी गरजही कधी पडली नव्हती.

"काढ," ते म्हणाले. "मी बाजूले बसतो. कोणी इचारलं त खोकलतो."

"अन् तुमाले काही झालं मंग?"

"चाळीस वर्सं तुह्या हातचं खाऊन काही नाही झालं, आता बलियानं होते का?"

काकीची अट एकच होती : कापायच्या नाहीत, उतरवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणात, सर्वांसमोर. लपून काढल्या तर अपशकुन, उघड काढल्या तर औषध, असा नियम तिने तिथल्या तिथे तयार केला. साबणाच्या पाण्यात हात बुडवून एकेक बलिया आम्ही सोडवली. ती कळवळत होती आणि मला शिव्या देत होती. शेजारी काका नवा फेटा बांधून, ताठ, फोटोला बसावे तसे बसले होते. पुढचे काही दिवस ते तिच्यापासून हलले नाहीत. तांड्यातल्या बायका पाहायला येत, काकीच्या उघड्या, फिकट हातांकडे बघत, आणि काका दमदार खोकत. बघताबघता आणखी दोघी म्हाताऱ्यांनी आपल्या बलिया उतरवल्या आणि आपापले नवरे शेजारी आणून बसवले. दुपारच्या उन्हात नवऱ्यांची ती रांग कर्तव्यभावनेने खोकत बसलेली मी पाहिली आहे. क्षयाच्या तपासणी पथकाने पाहिली असती तर घाबरले असते.

उघड्या हातांवर मलम लावून केलेल्या त्या फेरीनंतर रोग परतला नाही. डॉक्टर मॅडमनी पायलचे हात तपासून शेरा लिहून दिला. तिला सोडायला काकी स्वतः एसटीने वसतिगृहात गेली. नव्याने चढवलेल्या, एक माप मोठ्या बलिया वाजवत. "हवा खेळली पायजे," असे ती सर्वांना सांगे. दिग्रसच्या पाहुण्यांनाही तिनेच कळवले, की पोरगी सध्या रिकामी नाही. पायल परीक्षेला बसली, पास झाली, पुढे यवतमाळला नर्सिंगला गेली. निकालाच्या दिवशी मी काकीला विचारले, आता तरी पटले ना, खरूज कशी पसरते ते? ती म्हणाली, "पटलं ना. पण त्या वर्सी वांगे बी लय झालते."

ती गेल्यावर सांत्वनाला चारी बाजूंच्या तांड्यांतून लोक आले. आमच्याकडे बायका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून, सुरावर, मेलेल्या माणसाचे गुण आठवत रडतात. आलेली प्रत्येक बाई अंगणातल्या प्रत्येकीला भेटते. पायल थोडी उशिरा पोहोचली. आपली आई हात पसरून पुढे येते आहे हे पाहताच ती कुंपणाच्या बाहेर, निंबाखाली थबकली आणि तिने मोठ्याने हाक दिली :

"याडी, तिथंच थांब! माहे डोळे आले हो, कोणी जवळ येऊ नका! मी इथूनच रडते!"

मी अंगणावरून नजर फिरवली. सकाळपासून रडून तिथे प्रत्येकाचे डोळे लाल झाले होते. ती मुकाट्याने आत आली असती, एकेकीच्या गळ्यात पडली असती, तर कोणालाही, मलासुद्धा, कळले नसते. मावशीपासून चुलतीपर्यंत साथ निश्चित पसरली असती. सगळ्यांसमोर ती ताठ उभी होती, दोन्ही हात बाजूला मोकळे सोडून.

 मग हातपंपावरची ती सून, जी आता चांगली तीन मुलांची आई आहे, खुदकन हसली. पदर तोंडाला लावूनही हसू थांबेना, आणि ते बाकीच्यांना लागत गेले. माझ्या अभ्यासात याहून वेगाने पसरणारे काही मी पाहिलेले नाही. कोणीतरी पाण्याचा तांब्या आणि स्वच्छ टॉवेल नेऊन निंबाखालच्या दगडावर ठेवला आणि मागे सरले.

काकांनी बाजेवरून मान वर केली.

"दुरून रडून राह्यली त मंग जोरानं रड वं," ते नातीला म्हणाले. "तुह्या दादीले हळू आवाजाची सवय नाही."