पालाशचा के

दहावीतली भाची स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मूलद्रव्यांच्या संज्ञा पाठ करत होती आणि मी पोळ्या लाटत होते. पोटॅशियमला के का म्हणतात, असं तिनं विचारलं. लॅटिनमध्ये त्याला कॅलियम म्हणतात म्हणून, असं मी सांगितलं. मग तिला सोपं जावं म्हणून पुढे म्हणाले, "पी म्हणजे फॉस्फरस, आपलं स्फुरद. के म्हणजे पालाश."

बोलता बोलता माझं लाटणं थांबलं.

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागून मला तीन आठवडे झाले होते. तपासणीचे आकडे वहीत इंग्रजी संज्ञांखाली असत आणि शेतकऱ्यांना द्यायचे अहवाल मराठीत. ते उतरवायचं काम माझं. गुरुवारी सकाळी घाईत मी पालाशच्या रकान्यात पीखालचा आकडा लिहिला होता आणि केचा आकडा स्फुरदच्या. पी म्हणजे पालाश, इतकं ते हाताला सरळ वाटलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या माझ्या हाताला.

तो शनिवार होता. प्रयोगशाळा सोमवारी उघडणार. गॅलरीत जाऊन उभी राहिले, परत आत आले. भाचीनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. गुरुवारी अहवाल न्यायला आलेली एक बाई मला चांगली आठवत होती. मखमलाबादकडं त्यांची शेवंती असते. पालाश कमी आहे म्हणजे काय करायचं, हे त्यांनी मलाच विचारलं होतं आणि मी अगदी ऐटीत पोटॅश टाकायला सांगितलं होतं.

रविवारी सकाळी स्कूटर काढली. विचारत विचारत त्यांच्या वावरात पोहोचले, तर त्या सरी नीट करत होत्या. बांधावर पोटॅशची अर्धी गोणी होती. मी त्यांचा अहवाल मागून बघितला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आकडे उलटे लिहिले गेले, तुमच्या मातीत पालाश भरपूर आहे, कमी आहे ते स्फुरद.

"अर्ध्या वावरात टाकून झालं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पालाश जास्त झाल्यानं रोपं जळणार नाहीत, पण उरलेल्या वावरात ते टाकू नका आणि लागवडीआधी स्फुरदासाठी सुपर फॉस्फेट द्या, असं मी सांगितलं. ते त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, खाली सहीसुद्धा करायला लावली. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "माझ्याकडं आलीस, बरं केलंस. बाकीच्यांच्या कागदांचं काय?"

त्या प्रश्नापासूनच मी दोन दिवस पळत होते. एवढा एकच अहवाल चुकला असेल, अशी स्वतःची समजूत घालत होते.

सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन वही उघडली. गुरुवारी सकाळचे चार अहवाल उलटे होते. वही घेऊन साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. चारही अहवालांवर सही त्यांचीच होती. कागद वहीशी ताडून बघत ते म्हणाले, "आकडे मीही बघायला हवे होते. फोन मी करतो."

नांदगावच्या शेतकऱ्यानं पाकीट उघडलंही नव्हतं. देवळ्याच्या कांदेवाल्यांना स्फुरदचा तो आकडा अशक्य वाटला होता. अहवाल बाजूला ठेवून त्यांनी नेहमीचंच खत टाकलं होतं. चौथे इगतपुरीकडचे, भातवाले. त्यांचा फोन लागेना. आठवडाभर मी रोज लावत राहिले. शेवटी दुरुस्त अहवाल पोस्टानं पाठवला. पोच आली नाही.

शेवंती त्या वर्षी बरी आली, असं बाईंनी नंतर सांगितलं, पण अर्ध्या वावरात जरा कमी. आता अहवालावर मी मराठी नावापुढे संज्ञाही लिहिते आणि आकडे दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेते. तरीही इगतपुरीकडचं कुणी मातीची पिशवी घेऊन आलं, की मी आधी गाव विचारते. अजून त्या भातवाल्यांचं गाव आलेलं नाही.